बोंबील घेऊन पाताळात

आमच्या घरात 'प्रकल्प' हा शब्द शिवीसारखा वापरतात, आणि त्यात घरच्यांची काही चूक नाही. पालघर जिल्ह्यात राहायचं म्हणजे कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाला उशाशी घेऊन झोपायचं. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून आहे. मग औद्योगिक वसाहत आली, सूर्या नदीवर धरण आलं. अणुवीज केंद्राला आणखी दोन अणुभट्ट्या हव्या झाल्या तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होतंय. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. 'प्रकल्पग्रस्त' हा जोडाक्षरांचा डोंगर आमच्याकडची पोरं शाळेत जायच्या आधी बिनचूक म्हणतात.

तो शब्द आमच्या घरात बायकोने आणला. गच्चीवर मी अळंबी लावली होती, तेव्हा. नंतर सौर चूल झाली, जिच्यात भात तिसऱ्या दिवशी शिजला. मग बोईसर ते केळवे सायकलने जायचा उपक्रम झाला. सायकल केळव्याला पोचली, टेम्पोतून, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. या प्रत्येक वेळी बायकोने शांतपणे एकच वाक्य म्हटलं. "अहो, मी बत्तीस वर्षांची प्रकल्पग्रस्त आहे. मोबदल्याचं काय झालं?"

त्यामुळे मी जानेवारीत "आपण मुंबईची भुयारी मेट्रो बघायला जाऊ" म्हणालो, तेव्हा तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे पेपरचं एक कात्रण चिकटवलेलं होतं. 10 मे 2025 ला प्रवाशांसाठी उघडलेल्या आचार्य अत्रे चौक स्थानकात 26 मेच्या पावसात पाणी शिरल्याची ती बातमी होती. मी मेट्रोविषयी बोलायला लागल्याच्या आठवड्यापासून ते कात्रण तिथे होतं. तिची दूरदृष्टी अशी.

"जानेवारीत पाऊस नसतो," मी म्हणालो.

"तुम्ही असता," ती म्हणाली.

पण माझ्या बाजूने आई उभी राहिली. आई एकोणऐंशी वर्षांची. मूळची गिरगावातली. 1969 साली लग्न होऊन तारापूरला आली, कारण वडिलांना अणुवीज केंद्रात नोकरी लागली होती. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, म्हणून माहेरच्या चाळीत केवढा मान! आणि इथे येऊन बघते तर भाड्याच्या घरात कंदील. दिवसभर नवरा अणू फोडून वीज करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन काच पुसायचा, असं ती अजून सांगते. पुढे केंद्राच्या टॅप्स कॉलनीत घर मिळालं, दिवे लागले, मी झालो. या तीन घटना ती नेहमी याच क्रमाने सांगते आणि शेवटच्या घटनेपाशी किंचित थांबते.

"गिरगावात स्टेशन झालंय म्हणे," आई म्हणाली. "जमिनीखाली."

बस. बायकोचा विरोध तिथे संपला. सासूबाईंच्या माहेराला विरोध करायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता इथे एक कबुली दिली पाहिजे. गिरगावात मामाकडे जायचं तर डहाणू लोकल पकडून मुंबईत शिरावं, चर्नी रोडला उतरावं आणि चालत जावं. एवढंच. पण मला भुयारातून जायचं होतं. म्हणून मी आखणी केली ती अशी: लोकलने चर्नी रोडवरून पुढे जायचं, मरीन लाइन्सवरून पुढे जायचं, चर्चगेटला उतरायचं, जमिनीखाली जायचं आणि हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी असं करत मागे गिरगावला यायचं. डाव्या हाताने उजवा कान धरायला मानेमागून जावं, तसं. बायकोने कागदावरचा नकाशा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि डबा भरायला गेली.

बरोबर सामान होतं. मामाची मागणी ठरलेली असते: सातपाटीचे सुके बोंबील, पाच किलो वाडा कोलम आणि डहाणूचे चिकू. बोंबील मी स्वतः सातपाटीला जाऊन आणले होते. तिथे बांबूच्या वलांड्यांवर ते जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले असतात, आमच्या लोकलच्या दारातल्या माणसांसारखे. वासाचं म्हणाल, तर बोईसरच्या माणसाला वासाविषयी विचारू नये. औद्योगिक वसाहतीच्या वाऱ्यावर वाढलेलं आमचं नाक फार समजूतदार असतं. बोंबील तीन कागदांत आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधले, हुंगून पाहिले, तिघांचं एकमत झालं: काही येत नाही.

लोकलचा प्रवास दोन ओळींत आटपतो. चर्चगेट-डहाणू लोकल 2013 पासून धावते, विरारच्या पुढे अजून दोनच रूळ आहेत, त्यांचे चार करण्याचं काम चालू आहे आणि तोवर आमची गाडी बाजूला उभी राहून लांबच्या गाड्यांना आदराने वाट देते. गर्दीचं वर्णन करत नाही; ज्यांनी पाहिलीय त्यांना गरज नाही आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही.

सफाळे सुटलं आणि आईने बटवा काढला. आईचा बटवा ही स्वतंत्र संस्था आहे. त्यात लवंगा, सुपारी, सुटे पैसे, वडिलांच्या चष्म्याचा एक स्क्रू आणि 2011 सालची एक औषधाची चिठ्ठी असते. वैतरणेचा पूल आला की ती त्यातला रुपया काढून कपाळाला लावते आणि खिडकीच्या गजांतून खाली टाकते. बाकीच्या हिंदूंना वैतरणी मेल्यानंतर ओलांडावी लागते आणि त्यासाठी गाय दान करून तिचं शेपूट धरावं लागतं. आम्ही पालघरकर ती जिवंतपणी, मासिक पासावर, वरची कडी धरून रोज ओलांडतो. यमाच्या दरबारात आमचा हिशेब कसा लावतात देव जाणे.

"आई, गंमत माहीत आहे का," मी म्हणालो. "मेट्रोचं भुयार खणायला सतरा यंत्रं आणली होती. त्या यंत्रांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती. गोदावरी, कृष्णा, तापी, वैनगंगा. तानसा. आणि वैतरणा. आणि सूर्या."

"आपली सूर्या?"

"आपलीच."

आईने खाली वैतरणेकडे पाहिलं. "तरीच," ती म्हणाली, "नळाला पाणी कमी येतं."

समोरच्या बाकावरच्या दोघांनी हसून माना हलवल्या. सूर्येचं पाणी बोईसरला येतं आणि आता ते वसई-विरारलाही जातं. वैतरणेचं आणि तानसेचं तर मुंबई किती वर्षं पिते. त्यात यंत्रांनाही नावं आमच्याच नद्यांची. मला वाटलं, आईच्या विनोदात काहीतरी टोचणारं आहे. पण तेवढ्यात विरार आलं, गर्दी आत घुसली आणि विचार करायला लागते तेवढीही जागा उरली नाही.

चर्चगेटला उतरून आम्ही मेट्रोच्या दारात पोचलो. तिथून खाली सरकते जिने. एक जिना संपतो तर पुढे दुसरा. वीस-पंचवीस मीटर खोल गेल्यावर माणसाला वाटतं, आता एखादा वासुकी तरी भेटेल. पण भेटतो सामान तपासायचा पट्टा.

बायकोने आदल्या रात्रीच मला ताकीद दिली होती. "पिशवीत काय आहे विचारलं तर 'सुकं' म्हणा. तो दुसरा शब्द तुम्ही अर्धा बोललात आणि तुम्हाला शिंक आली, तर आपल्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतील."

पिशव्या पट्ट्यावरून आत गेल्या. मी पडद्याकडे पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी आयुष्यात चिकूंना या कोनातून पाहिलं नव्हतं. एका रांगेत बारा गोल, गच्च, संशयास्पद वस्तू आणि त्यांच्या शेजारी वेड्यावाकड्या तारांचा जुडगा. सिनेमात हिरो लाल तार तोडू की निळी असा घामाघूम होतो, तेव्हा पडद्यावर नेमकं हेच दिसत असतं.

"काका, यात काय आहे?" सुरक्षा रक्षकाने विचारलं.

"सुकं," मी म्हणालो.

"सुकं काय?"

"सुकं... वाळवलेलं."

"काय वाळवलेलं?"

"समुद्रातलं."

माझ्या मागे रांग वाढत होती. आई पुढे झाली आणि चाळीच्या गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याला हाक मारावी त्या आवाजात म्हणाली, "अरे बाळा, बोंबील आहेत! सातपाटीचे! माझ्या भावाला!"

संपूर्ण स्थानक क्षणभर थांबलं. रक्षकाने पिशवी उघडली, हुंगली, डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांतला कायदा वितळलेला होता. "आमच्या गावी कांदा घालून करतात," तो म्हणाला आणि पिशवी नीट बांधून दिली. "घट्ट धरा हं काका. उघडू देऊ नका." हा सल्ला मी ऐकला असता तर हा लेख इथेच संपला असता.

तिकिटं काढली. कागदाच्या पट्ट्या, त्यांवर चौकडीचा काळा ठसा. तो दारापाशी दाखवला की झडप उघडते. बाहेर पडताना तोच पुन्हा दाखवायचा. दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत भाडं आहे. बायकोने स्वतःची पट्टी माझ्या हातून काढून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. बत्तीस वर्षांचा अनुभव. झडप ओलांडून मी तांदळाची पिशवी उचलली, चिकूंची उचलली, बोंबलांची उचलली आणि हात संपले. म्हणून आईची आणि माझी तिकिटं सुरक्षित जागी ठेवली. आईने एक लवंग तोंडात टाकली. आम्ही खाली गेलो.

'सुरक्षित जागा' याविषयी थोडं. माझ्या आयुष्यात हरवलेली एकही वस्तू निष्काळजीपणामुळे हरवलेली नाही. लग्नातली अंगठी, घराच्या कराची पावती, वडिलांचं मृत्यूचं प्रमाणपत्र (दोनदा), या सगळ्या वस्तू मी फार विचार करून सुरक्षित जागी ठेवल्या होत्या. ज्या वस्तू मी टेबलावर फेकतो त्या वर्षानुवर्षं सापडत राहतात.

फलाटावर काचेची उंच भिंत आहे आणि गाडी आली की भिंतीतली दारं गाडीच्या दारांसमोर उघडतात. लटकायला काही नाही, धावत चढायला काही नाही, डोकं बाहेर काढून सिग्नल बघायला काही नाही. डहाणू लोकलच्या माणसाला क्षणभर पोरकं वाटतं. अशा भावनेच्या भरात मी समोर आलेली गाडी पकडली. आत गार हवा होती, बसायला जागा होती. आईने गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, "वा."

पुढचं स्थानक विधान भवन आलं.

बायकोने नकाशा काढला. "अहो, विधान भवन आपल्या वाटेत नाही."

"मुद्दाम," मी म्हणालो. "म्हटलं आईला विधान भवन दाखवावं."

"खालून?"

"खालूनच. वरून कोणीही दाखवतं."

त्यानंतर कफ परेड आलं आणि मार्ग संपला. इथे मला मार्गाविषयी थोडं सांगायची संधी मिळाली, ती मी दवडली नाही. हा मार्ग साडेतेहतीस किलोमीटरचा. सत्तावीस स्थानकं. आरेचं एक सोडलं तर सगळी जमिनीखाली. पहिला तुकडा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. मग मे 2025 मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत. आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा 9 ऑक्टोबर 2025 पासून. मिठी नदीच्या खालूनसुद्धा भुयार गेलंय. बायको म्हणाली, "हे सगळं पाठ आहे, आणि गाडी कुठल्या बाजूला जाते ते पाठ नाही." आम्ही उलट्या गाडीत बसलो. पुन्हा विधान भवन. पुन्हा चर्चगेट.

"पुढील स्थानक, हुतात्मा चौक," असं आवाज म्हणाला आणि आई एकदम गप्प झाली.

मला वाटलं, कान बंद झाले असतील. पण ती समोरच्या काळ्या काचेकडे बघत होती. 21 नोव्हेंबर 1955. फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा आई आठ वर्षांची होती. "अप्पा कामावरून त्या बाजूनेच यायचे," ती म्हणाली. "त्या दिवशी रात्री आले. पायांत चपला नव्हत्या. कुठे गेल्या, कोणी विचारलं नाही. आईने पाय धुवायला पाणी दिलं." दारं उघडली, चार माणसं उतरली, सहा चढली. दारं बंद झाली. "अनवाणी आले एवढंच बघितलं मी," ती म्हणाली. आम्ही पुढे सीएसएमटीला पोचेपर्यंत कोणीच काही बोललं नाही. आजोबांच्या चपलांची ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. एवढ्या वर्षांत मी तिला खालून तर सोडाच, वरूनही कधी हुतात्मा चौकात नेलं नव्हतं.

गिरगाव आलं. वर आलो, झडपांपाशी पोचलो. बायको तांदूळ आणि चिकू घेऊन पुढे होती. तिने पट्टी दाखवली, झडप उघडली आणि ती, मागे न बघता, सरकत्या जिन्यावर चढून दिसेनाशी झाली. मी एक खिसा चाचपला. दुसरा चाचपला. सदऱ्याचा, पँटचा, मागचा, आतला. मग पुन्हा पहिला, कारण माणूस आशेवर जगतो.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? समोर मदतीची खिडकी होती. तिथे एक मुलगी बसली होती, माझ्याकडे बघून हसतसुद्धा होती. तिला सांगायचं, बाई, तिकिटं हरवली. पण ज्या माणसाने वीस मिनिटांपूर्वी कफ परेडमध्ये उभं राहून मार्गाची लांबी दशांशासकट सांगितली आहे, तो तिकीट हरवलं असं कसं सांगेल? मी त्या मुलीकडे बघून हात हलवला. जणू मी इथे रोज येतो आणि मला झडपांच्या अलीकडे उभं राहायला आवडतं.

बायकोला फोन लावला. जमिनीखाली माझ्या फोनने मान टाकलेली होती. कानाला लावलेला मुका फोन मी तसाच धरून ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "हो, हो, येतोच." हे कोणासाठी केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

आईला मी कडेला बसायला जागा करून दिली आणि पद्धतशीर शोध सुरू केला. पाकीट उलटं केलं. डब्याची पिशवी उलटी केली. त्यात चमचा निघाला, जो आम्ही दोन महिने शोधत होतो. राहिली बोंबलांची पिशवी. मला आठवलं की चर्चगेटला मी तिच्या आसपास काहीतरी केलं होतं. सुरक्षा रक्षकाचे शब्दही आठवले. पण ते वरच्या मजल्यावरचे होते आणि मी आता वेगळ्या स्थानकात होतो.

पहिली प्लॅस्टिकची पिशवी सोडली. दुसरी सोडली. पहिला कागद उलगडला.

सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतो तेव्हा त्याचा वास अरबी समुद्राच्या हवाली होतो. समुद्र मोठा आहे, सोसतो. इथे समुद्र नव्हता. इथे शिस्तीत फिरवलेली गार हवा होती, जी मी पाहिलेल्या सगळ्या सरकारी यंत्रणांहून वेगाने कामाला लागली. आधी जवळची दोन मुलं थांबली आणि बुटांचे तळवे तपासू लागली. मग एका टायवाल्या गृहस्थाने स्वतःच्या बॅगेचा वास घेतला. मग माझ्याभोवती अलगद एक वर्तुळ तयार झालं. गर्दीच्या वेळी मुंबईत इतकी मोकळी जागा मंत्र्यालाही मिळत नाही. त्या वर्तुळाच्या मधोमध मी गुडघ्यांवर बसून एकेक बोंबील बाजूला करत तिकीट शोधत होतो. गाडी बदलावी तसे लोक दिशा बदलून पलीकडच्या जिन्याकडे जात होते. एक आजीबाई मात्र मुद्दाम जवळ आल्या. वाकून बघितलं. "केवढ्याला दिले?" त्यांनी विचारलं.

मी घामाघूम होऊन वर बघितलं तेव्हा आई शांत बसलेली होती. शांत हाही शब्द कमीच. तिने चपला काढल्या होत्या आणि पाय फरशीला टेकवले होते.

"आई, तुला लाज वाटत असेल ना?"

"कसली?" ती म्हणाली. "इकडे ये. चर्नी रोड कुठल्या बाजूला?"

मी अंदाजाने हात दाखवला. तिने मान वळवली, दुसरीकडे बघितलं, बोटांनी काहीतरी मोजलं. "म्हणजे रस्ता असा. म्हणजे आमची चाळ..." आणि तिने वर, छताकडे बोट दाखवलं. "तिथे."

ती चाळ आता नाही. काळबादेवी आणि गिरगावच्या स्थानकांसाठी ज्या जुन्या इमारती उतरवल्या त्यांत तीही गेली. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना म्हाताऱ्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या. रस्ता सरळ वरून उघडून खड्डा खणावा, एवढीही जागा नव्हती. म्हणून ही दोन स्थानकं ऑस्ट्रियन पद्धतीने आतून पोखरत नेली: थोडं खणायचं, लगेच सिमेंटचा फवारा मारून ते आवळायचं, जमीन हलते का ते मोजायचं, मग पुढचं थोडं. दाढेला कीड लागली की डॉक्टर करतो तसं. माझा मामा हा आमच्या घराण्यातला एकमेव अस्सल, कागदोपत्री नोंद झालेला प्रकल्पग्रस्त. तो जवळच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि नव्या इमारतीची वाट बघतो. बायको मामाशी बोलते तेव्हा तिच्या आवाजात व्यावसायिक आदर असतो.

"म्हणजे आपण आत्ता आमच्या मोरीच्या खाली बसलोय," आई म्हणाली.

"साधारण."

"इथे फरशी थंड असायची कायम. उन्हाळ्यात आम्ही पोरं पोटावर झोपायचो. आई म्हणायची, खाली पाणी आहे." तिने पायाचा अंगठा फरशीवरून फिरवला. "खाली हे होतं होय."

"तेव्हा नव्हतं आई."

"माहीत आहे रे."

मग ती बोलत राहिली. सार्वजनिक नळ, चार वाजताची रांग. गणपतीत केशवजी नाईकांच्या चाळीत जायचं. तिथला उत्सव 1893 पासूनचा, म्हणून तिथल्या पोरी नाक वर करून चालायच्या आणि आमच्या आईने एकीची वेणी ओढली होती. तारापूरला निघाली त्या दिवशी अख्खी चाळ गॅलरीत उभी होती आणि कोणीतरी वरून ओरडलं, "अणुबाँब नीट सांभाळ गं!" ती इतकी हसली की रडायचं राहून गेलं. मग ते रडणं तिने कंदिलाच्या उजेडात केलं, पोफरणच्या वाटेवरच्या त्या घरात. पुढे पोफरणही उठलं. "जाऊ तिथलं उठतंच काहीतरी," आई म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. मी बोंबील परत कागदात गुंडाळू लागलो, कारण त्या वेळी हातांना काहीतरी काम लागतं. खरं सांगायचं तर मला एकदम राग आला होता, कोणाचा ते ठरत नव्हतं. इतकी सुंदर जागा. उजेड, गारवा, कुठे डाग नाही. आणि हिच्याकडे बोट दाखवायला फक्त छत.

पाऊण तासाने मी मदतीच्या खिडकीशी गेलो. मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं. भरायचे ते पैसे मी भरले. दोन मिनिटं लागली. "काका, मघाशीच यायचं ना," ती म्हणाली. "मी हात केला होता तुम्हाला."

वर रस्त्यावर बायको तांदळावर बसली होती. म्हणजे शब्दशः, पिशवीवर. तिने आमच्याकडे बघितलं, बोंबलांच्या पिशवीकडे बघितलं. "खालून येणारे लोक नाकाला रुमाल लावून येत होते," ती म्हणाली. "तेव्हाच मला कळलं, सुखरूप आहात."

मामाने दार उघडताच पहिला प्रश्न विचारला, "चर्नी रोडला उतरलात ना?" आम्ही तिघांनी एका आवाजात "हो" म्हटलं. संसारात असे क्षण फार थोडे येतात. जेवलो. बोंबलाचं कालवण झालं, वाडा कोलमचा भात झाला. मामाने नव्या इमारतीचा नकाशा दाखवला. आईने त्यात मोरी कुठे ते विचारलं.

परतीची गाडी चर्नी रोडहून. चर्चगेटच्या दिशेने पाहायचीसुद्धा मला बंदी होती. विरारपर्यंत उभं, विरारनंतर बसायला मिळालं. वैतरणा स्टेशन गेलं, बाहेर अंधार होता, गाडीचा आवाज बदलला तसा आईने सवयीने बटवा उघडला. रुपया बोटांना लागेना म्हणून तिने आतलं मांडीवर ओतलं. लवंगा, सुपारी, चष्म्याचा स्क्रू, औषधाची चिठ्ठी. आणि नीट चार घड्या घातलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या, चौकडीच्या काळ्या ठशाच्या.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे.

"आई! तिकिटं तुझ्याकडे होती?"

"तूच दिलीस की. दोन्ही हातांत पिशव्या होत्या तुझ्या. 'सांभाळ' म्हणालास."

"मग मी तिथे बोंबील उपसत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

आईने रुपया कपाळाला लावला, गजांतून खाली सोडला आणि पट्ट्या पुन्हा बटव्यात ठेवल्या.

"तू मला विचारलंस कुठे," ती म्हणाली. "आणि बोलले असते तर लगेच वर जावं लागलं असतं."